लाकडी घरातील सबफ्लोअर: जीभ-खाचेचे तक्ते स्वतः बसवताना

अमेरिका आणि कॅनडा येथील बहुसंख्य स्वतंत्र घरे लाकडी चौकटीची असतात आणि त्यांच्या वरच्या मजल्यांची जमीन काँक्रीटच्या स्लॅबवर नव्हे, तर ठरावीक अंतराने समांतर मांडलेल्या लाकडी कड्यांवर तोललेली असते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचा कडीपाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना अगदीच अपरिचित वाटणार नाही. मात्र वाड्यात कड्यांवर पाट आणि पाटांवर माती-चुन्याचा जड थर असे, तर उत्तर अमेरिकेतील घरात कड्यांवर थेट प्लायवुडचे किंवा ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या लांबट चकत्या गोंदात दाबून केलेले, मोठे तक्ते बसवले जातात. या तक्त्यांच्या सलग थराला सबफ्लोअर म्हणतात. डोळ्यांना दिसणारी जमीन, मग ती लाकडी पट्ट्यांची असो, टाइल्सची असो वा गालिच्याची, या थरावर बेतलेली असते आणि तिच्यातील कुरकुर, लवचीकपणा वा उंचसखलपणा यांचे मूळ बहुतेक वेळा याच थरात किंवा त्याखालच्या कड्यांत सापडते.

तेथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे कारागिरांच्या मजुरीचा दर पाहून घराची दुरुस्ती स्वतः करण्याकडे वळतात. स्लॅबच्या घरात वाढलेल्या माणसाला या कामात एक अडचण हमखास येते: पायाखालची जमीन ही कायमची, निश्चल वस्तू आहे ही त्याची धारणा. लाकडी जमीन तशी नसते. ती हवेतील ओलाव्याने फुगते, कोरड्या हिवाळ्यात आक्रसते आणि वजनाखाली थोडी वाकते. तिला हालचालीसाठी जागा ठेवणे आणि तरीही ती कड्यांना पक्की जखडणे या दोन परस्परविरोधी दिसणाऱ्या गोष्टी एकाच वेळी साधणे हे या कामाचे मर्म आहे. पुढील विवेचन कड्यांवरील सबफ्लोअरविषयी आहे. तळघरातील काँक्रीटवर घालायच्या तक्त्यांचे नियम निराळे असून त्यांचा उल्लेख ओघात पुढे येईल.

जीभ आणि खाच कशासाठी

सबफ्लोअरचा सर्वसाधारण तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो. त्याच्या एका लांब कडेवर मधोमध पुढे आलेली पट्टी असते, तिला जीभ म्हणतात. समोरच्या लांब कडेवर त्याच मापाची खाच असते. एका तक्त्याची जीभ शेजारच्या तक्त्याच्या खाचेत शिरते. या सांध्याचा हेतू तक्ते एकमेकांना घट्ट बांधणे हा आहे असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. तक्ता कड्यांना काटकोनात घातला जात असल्यामुळे त्याच्या आखूड कडा कडीवर टेकतात, पण लांब कडा दोन कड्यांच्या मध्ये अधांतरी असते. तेथे पाय पडला की ती कड खाली दबते आणि शेजारच्या तक्त्याची कड जागीच राहते. या फरकामुळे वरची टाइल तडकते किंवा पट्ट्यांचा सांधा वाजू लागतो. जीभ-खाचेमुळे एका कडेवरचा भार दुसरीकडे जातो, दोन्ही कडा एकत्र वाकतात आणि प्रत्येक सांध्याखाली कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे ठोकण्याचे काम वाचते. सांध्याने भार वाहून न्यावा एवढीच अपेक्षा असते. फट मिटवणे त्याचे काम नव्हे.

डग्लस फर जातीच्या लाकडाचे प्लायवुड १९०५ साली ओरेगनमधील पोर्टलंड येथील प्रदर्शनात मांडले गेले, तरी घरांच्या जमिनीत त्याचा सरसकट वापर होण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरची दशके उजाडावी लागली. त्याआधीच्या घरांत कड्यांवर साध्या, अनेकदा तिरप्या ठोकलेल्या फळ्या आढळतात. जुने घर घेतलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण अशा फळ्या सुस्थितीत असतील तर त्या उपटण्यापेक्षा नीट जखडून त्यांवर पातळ तक्ते घालणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

तक्त्याची निवड

तक्त्यावर छापलेला शिक्का वाचणे ही निवडीची पहिली पायरी होय. त्यात जाडी, कड्यांमधील कमाल अंतर आणि हवेच्या संपर्कात टिकण्याची क्षमता यांची नोंद असते. कड्यांमधील अंतर म्हणजे एका कडीच्या मध्यापासून पुढच्या कडीच्या मध्यापर्यंतचे माप. ते सहसा १६, १९.२ किंवा २४ इंच असते. १६ इंचांवर १९/३२ इंच, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर जाडीचा योग्य शिक्क्याचा तक्ता नियमाने चालतो; तथापि २३/३२ इंचाचा, म्हणजे व्यवहारात पाऊण इंची म्हणून ओळखला जाणारा सुमारे १८ मिलिमीटरचा तक्ता घ्यावा. किमतीतला फरक थोडा असतो आणि पायांना जाणवणारा ठामपणा बराच वाढतो. २४ इंचांच्या अंतरावर २३/३२ इंच ही किमान जाडी समजावी.

प्लायवुड श्रेष्ठ की ओएसबी, हा वाद पुष्कळ चालतो. कोरड्या खोलीत दोन्ही सारखेच काम देतात. पाण्याचा दीर्घ संपर्क आला तर साध्या ओएसबीच्या कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत, म्हणून स्नानगृह किंवा कपडे धुण्याच्या खोलीसाठी प्लायवुड वा ओलाव्यास अधिक दाद न देणारा सुधारित तक्ता निवडणे इष्ट. टाइल बसवायची असल्यास ती थेट ओएसबीवर चिकटवू नये. मध्ये सिमेंट बोर्ड किंवा टाइलला लाकडाच्या हालचालीपासून वेगळे ठेवणारा पडदा लागतो.

तक्ते घरी आल्यावर जमिनीवर थेट न ठेवता पट्ट्यांवर सपाट रचून ज्या खोलीत बसवायचे तेथेच काही दिवस ठेवावेत. कारखान्यातून निघालेला तक्ता बराच कोरडा असतो आणि खोलीतील ओलावा शोषून थोडा वाढतो. ही वाढ बसवण्यापूर्वी झालेली बरी. पाऊण इंची तक्त्याचे वजन ३० किलोंच्या वर भरते, त्यामुळे जिन्यातून वर नेण्यासाठी दुसरा माणूस हवाच.

जुना थर काढताना

येथून पुढची कामे जपून करायची आहेत. १९८० च्या दशकापूर्वीच्या घरांतील व्हिनाइल टाइल्समध्ये आणि त्यांखालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाणे घातक असल्यामुळे टाइल खरवडण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि तो दूषित निघाल्यास ते काम परवानाधारकाकडे सोपवावे. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यताही गृहीत धरावी. कड्यांत फेरफार होणार असेल तर स्थानिक बांधकाम विभागाकडे परवान्याची चौकशी आधी करणे बंधनकारक समजावे.

जुना तक्ता कापताना सर्क्युलर सॉच्या पात्याची खोली तक्त्याच्या जाडीइतकीच ठेवावी, कारण खाली विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ कड्यांमधून गेलेले असतात. त्या भागाचा वीजपुरवठा बंद असला तरी हा नियम मोडू नये. तक्ता निघाल्यावर कड्यांच्या मध्ये दिसतो तो खालच्या खोलीच्या छताचा जिप्सम बोर्ड, आणि तो माणसाचे वजन पेलत नाही. चालण्यासाठी कड्यांवर आडव्या दोन-तीन जाड फळ्या टाकाव्यात, आणि शक्य असल्यास संपूर्ण खोली एकदम उघडी न करता दोन टप्प्यांत काम करावे.

भिंती बहुधा जुन्या सबफ्लोअरवरच उभ्या केलेल्या असतात. भिंतीखालचा भाग ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. भिंतीलगत सरळ काप घेऊन तो तेथेच राहू द्यावा. अशा वेळी नव्या तक्त्याच्या कडेला भिंतीपाशी आधार उरत नाही, म्हणून कड्यांना समांतर भिंतीजवळ शेवटच्या कडीच्या अंगाला दोन इंची लाकडाची पट्टी बोल्ट किंवा मजबूत स्क्रूंनी जोडावी आणि कड्यांना आडव्या भिंतीजवळ प्रत्येक दोन कड्यांच्या मध्ये ठोकळा बसवावा. हे आधार न देता घातलेला तक्ता भिंतीलगत कपाट ठेवताच खचतो, आणि ती चूक नंतर दुरुस्त करणे अतिशय कटकटीचे असते.

कड्यांची तपासणी

सबफ्लोअरचा दर्जा कड्यांच्या दर्जापेक्षा वरचढ होऊ शकत नाही. म्हणून एकूण वेळेपैकी मोठा वाटा कड्या तपासण्यात जावा, आणि नवशिक्याचा कल नेमका उलट असतो. उघड्या कड्या पाहून त्या लवकर झाकण्याची घाई होते.

तपासणी तीन गोष्टींची करायची आहे. पहिली, कड्या निरोगी आहेत का. स्वच्छतागृहाभोवती किंवा खिडकीखाली काळा पडलेला भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. टोक सहज आत शिरत असेल तर लाकूड कुजले आहे. नळ टाकणाऱ्यांनी पाडलेल्या खाचाही पाहाव्यात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार भरीव लाकडी कडीची खाच तिच्या उंचीच्या एक षष्ठांशाहून खोल नसावी आणि लांबीच्या मधल्या तृतीयांशात ती नसावीच; छिद्र उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठे नसावे आणि वरच्या वा खालच्या कडेपासून किमान दोन इंच दूर असावे. मर्यादा ओलांडलेली किंवा कुजलेली कडी शेजारी तेवढ्याच उंचीची नवी कडी गोंद व बोल्टने जोडून बळकट करता येते. मात्र नुकसान टेकूपाशी असेल किंवा अनेक कड्यांत असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे कड्यांची भार पेलण्याची क्षमता. तीच संहिता राहत्या खोल्यांसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड आणि शयनगृहांसाठी ३० पौंड भार गृहीत धरते आणि त्या भाराखाली जमिनीचा बाक लांबीच्या ३६०व्या हिश्शाहून अधिक नसावा असे सांगते. म्हणजे बारा फुटी कडी मध्यभागी ०.४ इंचाहून अधिक वाकू नये. पोटमाळ्यावर खोली करू पाहणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. पोटमाळ्याच्या कड्या पुष्कळदा केवळ खालचे छत धरून ठेवण्यापुरत्या असतात. त्यांवर कितीही जाड तक्ता घातला तरी त्या राहण्याजोग्या होत नाहीत.

तिसरी गोष्ट, सर्व कड्यांचे माथे एका पातळीत आहेत का. यासाठी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड्यांना आडवी दोरी ताणून बांधावी, किंवा सहा-आठ फुटी सरळ पट्टी कड्यांवर फिरवावी. केवळ पाणसळीवर विसंबू नये, कारण जमीन किंचित उतरती असली तरी चालते, पण उंचवटे आणि खड्डे चालत नाहीत. दहा फुटांत पाव इंचापर्यंतचा फरक बहुतेक लाकडी जमिनींना सोसतो. उंच कडी रंध्याने घासून उतरवावी, सखल कडीवर प्लायवुडची सलग पट्टी गोंद लावून ठोकावी. जागोजागी पाचरी सारण्याचा सोपा मार्ग टाळावा, कारण पाचरींच्या मधला भाग पोकळ राहतो आणि तेथेच पुढे आवाज सुरू होतो. एक इशारा महत्त्वाचा: नव्या घरांत इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या, कारखान्यात जोडलेल्या कड्या असतील तर त्यांच्या वरच्या वा खालच्या पट्टीला रंधा किंवा करवत मुळीच लावू नये, त्या कडीची सारी ताकद त्या पट्ट्यांतच असते.

तपासणी संपल्यावर जुने खिळे उपटून किंवा आत ठोकून, वाळलेल्या गोंदाच्या गाठी खरवडून आणि धूळ झाडून कड्यांचे माथे स्वच्छ करावेत, कारण धुळीवर गोंद धरत नाही.

मांडणीचा हिशेब

तक्त्यांची मांडणी कागदावर आधी करावी. नियम दोन: तक्त्याची लांबी कड्यांना काटकोनात असावी आणि प्रत्येक तुकडा किमान तीन कड्यांवर टेकावा. लगतच्या रांगांतील आखूड कडांचे सांधे एका रेषेत येऊ नयेत, म्हणून दुसरी रांग सहसा अर्ध्या तक्त्याने सुरू करतात.

बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब खोलीचे उदाहरण घेता येईल, जिच्या कड्या बारा फुटांच्या दिशेने १६ इंचांवर आहेत. क्षेत्रफळ १९२ चौरस फूट, तक्ता ३२ चौरस फुटांचा, म्हणून सहा तक्ते. पण हा हिशेब फसवा आहे. चार फुटी तक्त्याच्या ४८ इंचांत जिभेचा अर्धा इंच मोजलेला असतो आणि ती जीभ शेजारच्या खाचेत लुप्त होते, त्यामुळे प्रत्यक्ष झाकली जाणारी रुंदी बहुधा ४७.५ इंच असते. तीन रांगांची रुंदी १४२.५ इंच भरते आणि १४४ इंचांच्या खोलीत एका भिंतीलगत दीड इंचाची चीर उघडी राहते. तेवढ्या रुंदीची पट्टी कापून बसवणे हा उपाय नव्हे. अरुंद पट्टी कधीच ठाम बसत नाही. त्याऐवजी दोन तक्ते लांबीत उभे चिरून, खाच असलेले अर्धे भाग पहिल्या रांगेत आणि जीभ असलेले अर्धे भाग शेवटच्या रांगेत घालावेत, मध्ये पूर्ण रुंदीच्या दोन रांगा येऊ द्याव्यात. अशा चार रांगांत फटी धरून सुमारे १४२.७५ इंच झाकले जातात, दोन्ही भिंतींलगत अर्ध्या इंचाहून थोडी अधिक मोकळी जागा समान वाटली जाते आणि ती भिंतीच्या बोर्डाखाली व स्कर्टिंगखाली दडते. सहा तक्ते पुरतात, तरी चुकीच्या कापासाठी एक जादा आणावा.

कड्या १९.२ इंचांवर असतील तर आणखी एक पेच उद्भवतो. आठ फुटांत असे पाच भाग बसतात, पण चार फुटांत अडीच. म्हणजे अर्धा तक्ता कडीवर न संपता अधांतरी संपतो. अशा घरात रांगेची सुरुवात ३८.४ किंवा ५७.६ इंचांच्या तुकड्याने करावी लागते. १६ आणि २४ इंचांच्या घरांत ही अडचण येत नाही.

गोंद, फट आणि स्क्रू

पहिली रांग सरळ बसली तर उरलेल्या आपोआप सरळ बसतात. त्यासाठी भिंतीपासून ठरलेल्या अंतरावर कड्यांवर रंगाच्या दोरीने सूत मारावे आणि पहिल्या रांगेची खोलीकडील कड त्या रेषेवर आणावी. भिंत स्वतः सरळ असेल असे समजू नये. पहिल्या रांगेची खाच खोलीच्या आतल्या दिशेस, म्हणजे पुढच्या रांगेकडे असावी. यामागचे कारण साधे आहे: पुढचा तक्ता आत सरकवण्यासाठी त्याच्या मागच्या कडेवर ठोकावे लागते, आणि ती कड खाचेची असेल तर लाकडी ठोकळा आडवा धरून मारलेले घाव ती सोसते, जिभेवर घाव पडले तर ती चिरडते आणि पुढच्या खाचेत शिरत नाही.

गोंद सबफ्लोअरसाठीचाच, एएसटीएम डी ३४९८ या मानकाचा उल्लेख असलेला घ्यावा. गोंदाचे काम केवळ चिकटवण्याचे नसते. तक्ता आणि कडी यांच्यातील बारीक पोकळ्या भरून काढून तो दोघांना एकत्र काम करायला लावतो. जमीन कुरकुरते ती बहुधा लाकूड आक्रसल्यामुळे तक्ता कडीपासून केसभर वर उचलला जाऊन खिळ्याच्या दांड्यावर खालीवर घासल्यामुळे, आणि या हालचालीला गोंद जागाच ठेवत नाही. प्रत्येक कडीच्या माथ्यावर पाव इंच जाडीची सलग ओळ ओढावी. जेथे दोन तक्त्यांच्या आखूड कडा एकाच कडीवर भेटतात तेथे दोन ओळी ओढाव्यात, म्हणजे प्रत्येक तक्त्याला आपला गोंद मिळतो. खाचेत १/८ इंचाची बारीक ओळ घातल्यास सांधा अधिक शांत राहतो. ८२५ मिलिलिटरच्या नळीतून पाव इंची ओळ सुमारे ८५ फूट निघते. वरील खोलीतील तेरा कड्यांची लांबीच १५६ फूट होते, तेव्हा तीन नळ्या हाताशी असाव्यात. गोंद एका वेळी एका, फार तर दोन तक्त्यांपुरताच पसरावा, कारण वरचा थर कोरडा पडला की तो निरुपयोगी होतो. द्रावकयुक्त गोंदाची वाफ ज्वलनशील असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून आसपासच्या गॅसच्या ज्योती विझवाव्यात.

आता फटीकडे वळावे लागते, आणि ही सूचना सुजाण माणसालाही पटायला जड जाते. तक्त्यांच्या सर्व कडांत, आखूड बाजूस तसेच जीभ-खाचेच्या बाजूसही, १/८ इंचाची फट ठेवायची असते. चांगल्या सुतारकामाची पारख सांधा किती मिटला यावरून करण्याची सवय डोळ्यांना लागलेली असते, त्यामुळे हात नकळत तक्ता ठोकून घट्ट करत राहतो. परंतु असे तक्ते पहिल्या दमट ऋतूत फुगून कडांशी एकमेकांना रेटतात आणि सांध्यांवर वरंबे उठतात, जे व्हिनाइलच्या पातळ थरातून स्पष्ट दिसतात आणि लाकडी पट्ट्यांना खालून उचलतात. दहा-डी मापाच्या बॉक्स खिळ्याचा दांडा जवळजवळ १/८ इंचाचा असतो. तो सांध्यात उभा धरून आखूड कडांची फट मोजावी आणि नंतर काढून घ्यावा. जीभ-खाचेच्या बाजूस अनेक उत्पादक जिभेची घडणच अशी करतात की ती पूर्ण बसल्यावर वर आपोआप योग्य फट उरते. तसे तक्त्यावर छापलेले असते. त्याचबरोबर तक्ता आठ फुटांत फटीपुरता आखूड कापलेला आहे का, तेही मोजावे. तो भरीव ९६ इंचांचा असेल आणि प्रत्येक सांध्यात १/८ इंच सोडला, तर लांब खोलीत काही तक्त्यांनंतर आखूड कड कडीच्या मध्यावरून सरकून स्क्रूला लाकूडच उरत नाही. अशा वेळी अधूनमधून तक्ता तासून माप पुन्हा कडीच्या मध्यावर आणावे.

दुसऱ्या रांगेचा तक्ता गोंदावर ठेवताना तो घसटत न नेता कडेवर उभा धरून खाली आणावा, म्हणजे गोंदाची ओळ पुसली जात नाही. एका व्यक्तीने सांध्यावर उभे राहून दोन्ही तक्ते एका पातळीत दाबून धरावेत आणि दुसरीने दोन इंची लाकडाचा लांब ठोकळा खाचेवर आडवा ठेवून घणाचे हलके, सरकत जाणारे घाव घालावेत. जीभ मध्येच अडली तर जोर वाढवू नये. तक्ता उचलून खाचेत अडकलेला भुसा, वाळलेला गोंद किंवा जिभेचा दुमडलेला कोपरा शोधावा आणि पटाशीने साफ करावा. बाकलेला तक्ता एका टोकापासून बसवत जाऊन वजन देत पुढे सरकवला की सहसा वठणीवर येतो; जो येत नाही तो लहान तुकड्यांसाठी बाजूला ठेवावा.

जखडण्यासाठी घरगुती कामात स्क्रू अधिक सोयीचे, कारण चूक झाल्यास ते काढता येतात. वळीदार दांड्याचे खिळेही तितकेच मान्य आहेत. पाऊण इंची तक्त्याला दोन ते अडीच इंची सबफ्लोअर स्क्रू पुरतो. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू स्वस्त आणि घरात असतातच, पण ते ठिसूळ असून लाकडाच्या आडव्या हालचालीत त्यांची डोकी तुटतात, म्हणून ते वापरू नयेत. तक्त्याच्या आधारावर टेकलेल्या कडांवर दर ६ इंचांस आणि मधल्या कड्यांवर दर १२ इंचांस एक, कडेपासून ३/८ इंच आत, असे स्क्रू घालावेत. या हिशेबाने एका पूर्ण तक्त्याला सुमारे ४३ स्क्रू लागतात; सहा तक्त्यांसाठी तीनशेहून थोडे अधिक आणणे रास्त. स्क्रू फिरवताना तक्त्यावर त्याच जागी पाय रोवून उभे राहावे, नाहीतर आटे लाकडात शिरता शिरता तक्ता वर उचलून धरतात आणि स्क्रू घट्ट वाटूनही खाली पोकळी राहते. बसलेल्या रांगेकडून सुरुवात करून मोकळ्या कडेकडे जावे. चारही कोपरे आधी जखडले तर मधला फुगवटा आतच अडकतो. खाचेच्या कडेजवळचा शेवटचा स्क्रू पुढच्या तक्त्याची जीभ बसेपर्यंत थांबवल्यास ती सहज शिरते. परंतु एकूण तक्त्याचे जखडणे गोंद धरण्यापूर्वी पूर्ण झालेच पाहिजे. सुटलेला स्क्रू, म्हणजे कडी चुकवून पोकळीत गेलेला, लगेच काढावा. तो तेथे राहिला तर काही न धरता फक्त आवाज करतो.

शौचकूपाच्या नळासारखा अडथळा असेल तर तक्त्यात पूर्ण भोक पाडून तो वरून उतरवणे बहुधा शक्य नसते. तेथे तक्ता भोकाच्या मध्यातून दोन भागांत कापावा आणि त्या सांध्याखाली आडवे ठोकळे द्यावेत.

झाकण्यापूर्वी

सर्व तक्ते बसल्यावर गोंद पूर्ण धरेपर्यंत जड सामान ठेवू नये. नंतर खोलीभर अनवाणी चालून पाहावे. जेथे आवाज येतो तेथे कडीवर आणखी एक-दोन स्क्रू घालावेत. पावसात वा सांडलेल्या पाण्यात कडा फुगल्या असतील तर तक्ते पूर्ण वाळल्यावरच त्या घासाव्यात, ओल्या अवस्थेत घासलेली कड वाळल्यावर खड्ड्यासारखी होते. वर लाकडी पट्ट्या बसवायच्या असतील तर ओलावामापकाने सबफ्लोअर आणि पट्ट्या या दोहोंचे वाचन घ्यावे: तीन इंचांहून अरुंद पट्ट्यांसाठी दोन्ही वाचनांतील फरक चार टक्क्यांच्या आत आणि तीन इंच वा त्याहून रुंद पट्ट्यांसाठी दोन टक्क्यांच्या आत हवा. हे जमेपर्यंत थांबणे कंटाळवाणे असले तरी दुसरा पर्याय नाही.

तळघरातील काँक्रीटवर यांपैकी काहीच जसेच्या तसे लागू करू नये. तेथे दोन फूट चौरसाचे, खालून प्लास्टिकच्या उंचवट्यांचा थर असलेले जीभ-खाचेचे तक्ते मिळतात. ते न चिकटवता, भिंतीभोवती पाव इंच जागा सोडून तरते ठेवायचे असतात, म्हणजे काँक्रीटमधून येणारा ओलावा खालून निघून जातो. ज्या तळघरात पावसाळ्यात वा बर्फ वितळताना पाणी शिरते तेथे आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. कोणताही तक्ता त्याची जागा घेऊ शकत नाही.

कड्या झाकण्यापूर्वी खोलीची छायाचित्रे मोजपट्टी अंथरून काढावीत, कड्यांच्या रेषा, नळ आणि तारा यांची भिंतीपासूनची अंतरे एका आराखड्यावर लिहावीत आणि तो आराखडा घराच्या इतर कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा; पुढे कधी कोणाला या जमिनीत स्क्रू घालावा लागल्यास त्या व्यक्तीला त्याची गरज पडेल.